चौपन्नातून वजा

दिवसाला अर्धा तास. आठवड्याचे कामाचे दिवस सहा, म्हणजे तीन तास, महिन्याकाठी तेरा, वर्षाचे दीडशेच्या वर. वहिनींनी हा हिशेब उशांचे अभ्रे इस्त्री करता करता मनातल्या मनात मांडला आणि दोनदा पडताळून पाहिला. मिळकतीच्या बाजूला सगळंच होतं. पाचाऐवजी साडेचारला सुटका, म्हणजे शाळेतून तीनला येऊन बसलेल्या लेकीला आई लवकर मिळणार. कमरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस वेळेवर बदलली जाणार. आणि 'माझ्यावाचून घरातलं पान हलत नाही' ही वहिनींची स्वतःबद्दलची सर्वांत लाडकी तक्रार आणखी पक्की होणार. देण्याच्या बाजूला काय, तर दुपारचं बसणं. बसण्यात काय ठेवलंय? माणूस बसलं तरी काम थोडंच बसतं? ते उभंच असतं, वाट बघत.

वहिनी धुलाईघरात घडी घालायच्या कामावर होत्या. तीन इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल तिथं धुवायला येत, उकळून, पिळून, गरम रुळांतून सपाट होऊन बाहेर पडत. त्या नेमक्या कुणाच्या वहिनी हे कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी कुणीतरी तशी हाक मारली आणि ती अंगाला चिकटली. बिल्ला नंबर एकोणीस. नेमून दिलेला ढीग संपला की घरी जायला मोकळं, असा तिथला रिवाज. आणि दुपारी एकला अर्धा तास सक्तीचा विसावा, हा नियम.

नियम नवा होता. दोन वर्षांपूर्वी एक बाई रुळापाशी चक्कर येऊन पडली, तेव्हा वरून कुणीतरी साहेब आले, हळहळले आणि एक फळी ठोकून गेले. फळीवर खिळ्यांच्या दोन रांगा, वरची 'कामावर', खालची 'विसावा'. एक वाजला की प्रत्येकीनं आपला पत्र्याचा बिल्ला वरून काढून खाली टांगायचा आणि विसाव्याच्या खोलीत जाऊन बसायचं. एक वाजून पाच मिनिटांनी मुकादमबाई फळीसमोर येत, खालचे बिल्ले मोजत आणि समाधानानं परत जात. बायका मात्र त्यांनी कधी मोजल्या नाहीत. नियमात बिल्लेच लिहिलेले होते.

वहिनींना फट सापडली ती इथं. बिल्ला खाली टांगायचा, डबा आपल्या खुर्चीवर ठेवायचा म्हणजे जागा धरलेली दिसेल, 'मी जरा मागं जाऊन पाठ टेकते' असं एकदाच सगळ्यांना सांगून ठेवायचं आणि मागच्या बोळातून जुन्या इस्त्रीच्या खोलीत शिरायचं. तिथं एक म्हातारी इस्त्री होती, अजून तापणारी. अर्ध्या तासात अभ्र्यांचा ढीग कंबरेइतका खाली येई. साप मरत होता आणि काठीही मोडत नव्हती. वहिनी खूश होत्या.

पहिल्या आठवड्यातच एक जास्तीचा फायदा निघाला. खुर्चीवर ठेवलेला डबा परत घ्यायला जावं तर तो रिकामा, शिवाय घासलेला. खळवाली खात असेल, वहिनींना वाटलं. चादरींना खळ लावणारी ती पोरगी सदा भुकेलेली. खाऊ दे बापडी. न खाल्लेला डबा घरी नेला की सासूबाई पडल्या पडल्या वास घेऊन विचारीत, "आमच्या हातचं गोड लागेना वाटतं?" स्वयंपाक वहिनींनीच केलेला असे, पण हात सासूबाई आपलाच धरीत. आता ते बोलणंही वाचलं. आणि खरं सांगायचं तर वहिनींना भूकही लागेनाशी झाली होती. भूक मेली, तेवढा वेळ वाचला.

मग एक दिवस खळवालीच म्हणाली, "वहिनी, काल काय झकास झोपलात हो. तोंड उघडं टाकून. आम्ही पैजा लावत होतो, माशी जाते की नाही म्हणून."

"कुठं?" वहिनींनी विचारलं.

"कुठं म्हणजे? तुमच्या खुर्चीत."

वहिनी हसल्या. चेष्टा असेल. हसताना त्यांना जाणवलं की ओठ नुसतेच ताणले गेले, आतून काही आलं नाही.

आता धुलाईघरातल्या काट्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर तोललेलं आहे. इस्पितळाला जाणारा प्रत्येक गठ्ठा वीस किलोचा लागे. त्याहून जास्त असला की गाडीवाले उचलत नसत. पण चादरींचा गठ्ठा काट्याच्या फळीवर ठेवला की एका बाजूनं ओघळे. म्हणून काटेवाल्यानं युक्ती काढली होती. बाईनं गठ्ठा कवेत घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि तबकडीवर येईल त्यातून तिचं स्वतःचं वजन वजा करायचं. त्यासाठी मागच्या भिंतीवर बिल्ल्यांचे नंबर आणि समोर खडूनं प्रत्येकीचं वजन. त्या भिंतीमुळे तिथं कुणाचंच काही झाकलेलं राहत नसे. रुळावर काम करणारी जाडी बाई आकडा टाकायच्या दिवशी चपलाच काय, बांगड्यासुद्धा काढून काट्यावर चढे. एकोणीससमोर कितीतरी वर्षं चौपन्न होतं. तो आकडा तसा म्हातारा झाला होता.

तिसऱ्या आठवड्यात काटेवाला कुरकुरला. "वहिनी, चौदा किलो? गठ्ठ्यात चादरी आहेत की हवा?" त्यानं गठ्ठा सोडला, चादरी मोजल्या. पुरत्या होत्या. पुन्हा तोललं. पुन्हा चौदा. मग त्यानं डोकं खाजवलं, वहिनींना नुसतंच काट्यावर उभं केलं आणि चौपन्न पुसून अठ्ठेचाळीस लिहिलं. "उपास चाललाय का कसला? आमच्या घरी सांगा जरा, त्यांनाही शिकवा."

महिनाअखेर तिथं एक्केचाळीस होतं.

वहिनींनी त्यातही मिळकतच पाहिली. अंग हलकं म्हणजे पाय दुखेनात. वाफेचा चटका बसेना. पूर्वी इस्त्रीची कड लागून डाव्या मनगटावर चिंचोक्याएवढा डाग पडला होता, तसं आता होईना. कड लागे, कातडी थंडच राही. जो हात भाजत नाही तो हात भरभर चालतो. साडेचारऐवजी एखादवेळी सव्वाचारलाही सुटका होऊ लागली.

त्याच दिवसांत काटेवाला हातातला खडू फिरवत म्हणाला की काटा दुरुस्तीला लावायला हवा. का, तर दुपारच्या सुट्टीत वहिनी हसत हसत नुसत्याच येऊन काट्यावर चढल्या होत्या, तेव्हा तबकडीनं तेरा दाखवलं. "आत्ता चढलात तर एक्केचाळीस. तीन तासांत माणूस अठ्ठावीस किलोनं वाढतं होय? स्प्रिंग गेली असणार."

वहिनी दुपारी काट्याकडे फिरकल्याच नव्हत्या. पण त्या हिशेबी बाई. कानावर दोन आकडे पडले की बेरीज आपोआप होते, ती थांबवता येत नाही. तेरा आणि एक्केचाळीस. चौपन्न.

त्या तिथं उभ्या राहिल्या, गठ्ठा कवेत घेऊन. मग ढिगाची आठवण झाली आणि निघाल्या.

घरी सगळं सुरळीत होतं, नको तितकं. सासूबाई टोमणे विसरल्यासारख्या झाल्या होत्या. "हल्ली बरी बसतेस दोन घटका माझ्यापाशी," त्या म्हणाल्या, आणि वहिनींना शेवटचं कधी बसलो ते आठवेना. त्या कूस बदलीत, औषध देत आणि स्वयंपाकघरात पळत. नवरा चष्म्याच्या भिंगांचा कारागीर. दिवसभर परक्यांचे डोळे पारखून घरी आला की आपल्या डोळ्यांना सुट्टी देई. तोसुद्धा जेवताना म्हणाला की तोंडावर तेज आलंय, धुलाईघर मानवलं. वहिनी तेव्हा दिव्याखाली उभ्या होत्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. ताटांची सावली होती, नवऱ्याची होती, लेकीची होती.

खरा घाव लेकीनं घातला, तोही लाडानं. ती नऊ वर्षांची. वहिनी सव्वाचारला दारात आल्या तेव्हा ती जिन्यावर फणी घेऊन बसली होती.

"तू परत खाली का गेली होतीस?" तिनं विचारलं.

"परत? आत्ता येतेय मी."

"असं काय गं. आत्ता नाही का गच्चीवर बसलो होतो आपण? मी तुझी वेणी घातली. तू मला ते बोबड्या मास्तरांचं सांगितलंस." मग तिनं आईकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "वेणी का सोडलीस?"

वहिनींचे केस सकाळी जसे मानेवर गुंडाळले होते तसेच होते. बोबड्या मास्तरांची गोष्ट त्यांच्या लहानपणातली. ती कधीतरी निवांत बसून लेकीला सांगायची, असं त्या चार वर्षं ठरवत होत्या. ज्या वेळासाठी हा सगळा आटापिटा केला, तो वेळ घरी पोचताच भांड्यांत जात होता. आणि गच्चीवर दुसरंच कुणीतरी त्याचा उपभोग घेत होतं.

लेकीनं सवयीनं आईचं डावं मनगट धरलं आणि डागावर बोट ठेवलं. लहानपणापासून तिची ती खूण होती. झोपताना बोट तिथं लागे. "हा आहे," ती हळूच म्हणाली. "गच्चीवर नव्हता."

तेव्हा वहिनींना पहिल्यांदा भीती वाटली. जिवाची तर होतीच. पण त्याहून मोठी ही की एक दिवस पोर डाग शोधायचं सोडून देईल.

दुसऱ्या दिवशी त्या शिवणकाकूंकडे गेल्या. काकू फाटक्या चादरींना ठिगळं लावीत. साठीच्या, आणि आळशी म्हणून नावाजलेल्या. एकच्या ठोक्याला सुई टोचून ठेवत आणि दीड वाजेपर्यंत साहेब आले तरी हलत नसत. वहिनींनी अडखळत सगळं सांगितलं. काकूंना नवल वाटलं नाही. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"तुझ्या शेजारची खुर्ची माझी," त्या म्हणाल्या. "तू मागं गेलीस की पहिल्या दिवसांत तिथं नुसती गादी दबायची. मग डबा वाजायला लागला. आता छान गप्पा मारते. तुझ्यापेक्षा बरी आहे बोलायला, राग मानू नकोस."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"कधी सांगू? तू उभी राहिलीस कधी माझ्यापाशी?" काकूंनी सुई ओवली. "बिल्ला टांगलास म्हणजे विसावा तुझ्या नावावर निघाला. तो कुणीतरी घेणारच. आता एकच कर. आज जाऊन बस. तिला उठव, तुझ्याच खुर्चीत बस, डबा खा आणि अर्धा तास पुरा बस. मधे उठू नकोस. उठलीस तर मला विचारायला येऊ नकोस."

त्या सकाळी काटेवाल्यानं एक्केचाळीस पुसून सत्तावीस लिहिलं होतं. लिहून झाल्यावर तो चेष्टा न करता बाजूला झाला.

एक वाजता वहिनींनी बिल्ला टांगला आणि बोळाकडे न वळता सरळ विसाव्याच्या खोलीत गेल्या. आठ खुर्च्या, आठही भरलेल्या. खिडकीखालच्या खुर्चीत, ऊन मानेवर घेऊन, चपला काढून, पाय स्टुलावर टाकून ती बसली होती. वहिनींचाच निळा एप्रन, वहिनींचीच हनुवटी. मानेवर कालची वेणी, एका बाजूला जरा तिरकी, नऊ वर्षांच्या हातानं घातलेली. ती घास चावत होती. इतकं सावकाश चावता येतं, हे वहिनी विसरल्या होत्या.

खळवालीनं दाराकडे पाहिलं. "कोण हवंय बाई? नवीन आलात का? आधी मुकादमबाईंकडून बिल्ला घ्या, मगच इथं बसता येतं." तिच्या बोलण्यात खोच नव्हती. हेच वाईट होतं. शिवणकाकूंनी तेवढी मान खाली घातली.

"माझ्याकडे आल्यात त्या," ती म्हणाली. आवाज वहिनींचाच, थकवा काढून टाकलेला. तिनं पाय खाली घेतले, डबा अर्धा ठेवला आणि उठून वहिनींच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. "बस. खुर्ची तुझीच आहे. मी ओढून घेतली नाही. रोज रिकामी असायची, म्हणून बसायचे. अर्धा तास बस, म्हणजे मी जाते."

"कुठं जातेस?"

"तू बसलीस की मला जागा कुठं आहे?" ती साधेपणानं म्हणाली.

वहिनी बसल्या. खुर्ची उबदार होती. भिंतीवरच्या घड्याळात नुकताच एक वाजला होता. बाहेर मुकादमबाई बिल्ले मोजून गेल्या. वहिनींनी घास घेतला. मीठ लागलं. त्या मिठासरशी भूक जागी झाली, पोटाला पीळ पडावा तशी. मग तळपाय ठणकायला लागले. मग कंबर. मग हातावर ठिकठिकाणी, महिनाभरात न जाणवलेले चटके एकामागून एक पेटू लागले. उभं असताना काही दुखत नव्हतं. बसल्यावर सगळं मागणं एकदम दारात आलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दाराशी ती उभी होती आणि तिच्या एप्रनमधून मागची भिंत अंधुक दिसायला लागली होती.

पाच मिनिटं. सात. वहिनींनी खुर्चीची कड घट्ट धरली. त्यांना लेक आठवली, गच्ची आठवली, मास्तरांची गोष्ट कुठून सुरू करायची तेही आठवलं. आणि त्याच माळेत, चोरपावलांनी, जुन्या खोलीतले बेचाळीस अभ्रे आठवले. ते झाले नाहीत तर आज पाच वाजतील. पाच वाजले तर सासूबाईंचं औषध चुकेल. आज तेवढे उरकून टाकावेत. उद्यापासून बसायचंच आहे. उद्या सुरुवातीपासून, नीट. आज तयारी नव्हती.

नवव्या मिनिटाला त्या उठल्या. उठताच दुखणं थांबलं, दिवा मालवावा तसं.

"अगं," दारातून ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर खरोखरच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "एकवीस मिनिटंच तर राहिली होती."

"अभ्रे राहिलेत."

"ते राहतातच," ती म्हणाली आणि जाऊन बसली. खुर्ची थंड व्हायलाही वेळ मिळाला नव्हता.

शिवणकाकू दीड वाजता उठल्या. त्यांनी बोळातून जाऊन जुन्या खोलीत डोकावलं. इस्त्री अभ्र्यावरून जात होती, येत होती. अभ्रा उलटत होता, दुमडत होता, ढिगावर बसत होता. काकू बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी दार हळूच लोटून घेतलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लोटावं तसं, आणि आपल्या ठिगळांकडे गेल्या.

सोमवारी काटेवाल्याला एकोणीसचा गठ्ठा काट्यावर उभा दिसला. ओघळत नव्हता, जणू कुणी कवेत धरलाय. तबकडीवर नेमके वीस. त्यानं वजा करायला भिंतीकडे पाहिलं, तेवढ्यात वहिनी विसाव्याच्या खोलीकडून आल्या, गाल भरलेल्या, आणि म्हणाल्या, माझं वजन घ्या बरं. चौपन्न भरलं. काटा सुधारला म्हणून तो खूश झाला आणि त्यानं जुना आकडा ठळक करून लिहिला.

आता कुणाच्या पदरात काय पडलं ते पाहू. धुलाईघराला जुन्या खोलीत एक घडीवाली मिळाली, जिला डबा लागत नाही आणि रजा लागत नाही. मुकादमबाईंचे बिल्ले रोज पुरे भरतात. सासूबाईंना बोलायला माणूस मिळालं, नवऱ्याला तेजस्वी तोंड. काटेवाल्याचं एक गणित कमी झालं. खुर्चीतलीनं कुणाचं काही लुबाडलं नाही. जे टाकून दिलं होतं तेवढंच उचललं, आणि ती चांगली आई आहे, हे कुणीही सांगेल.

भरलं दोघींनी. वहिनींनी चौपन्न किलो, हप्त्याहप्त्यानं. आणि लेकीनं चिंचोक्याएवढा एक डाग. ती अजून झोपताना आईचं डावं मनगट हातात घेते. बोट ठेवते, जरा सरकवते, पुन्हा ठेवते. आई विचारते, काय शोधतेस गं? पोर काही नाही म्हणते आणि बोट मिटून घेते.